बाईंचा दहा दिवसांचा पास

बाई माणसांना गावाच्या नावाने हाक मारत. मी त्यांच्याकडे राहायला गेले त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, वहीत लिहून घेतलं आणि पुन्हा कधीही उच्चारलं नाही. "गाव?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वर्धा." "म्हणजे नदी आधी आणि गाव नंतर," एवढं बोलून त्यांनी मला माझी कॉट दाखवली, आणि पुढची पाच वर्षं मी त्या घरात 'वर्धा' होते. खोलीतली दुसरी मुलगी 'परभणी'. "वर्धा, दूध उतू जातंय!" "परभणी, अजून किती वेळ बाथरूममध्ये?" या घरात दिवसभर हवामानाचा अंदाज सांगतात की काय, असं खालच्या मजल्यावरच्यांना सुरुवातीला वाटायचं.

बाईंनी मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला होता. निवृत्त झाल्यावर कोथरूडच्या फ्लॅटमधली एक खोली त्या नोकरी करणाऱ्या मुलींना देत. घरात त्या आणि त्यांचे यजमान अण्णा, बँकेतून निवृत्त झालेले. एकुलता एक मुलगा मंदार सॉफ्टवेअरमध्ये, फ्रँकफर्टला. ती वर्षंच तशी होती. त्याआधी सोसायटीतला एखादा मुलगा परदेशी निघाला की त्याला सोडायला गाडीभर माणसं मुंबईच्या विमानतळापर्यंत जायची. आता पोरं 'ऑनसाइट' जायची आणि शेजाऱ्यांना ते दूधवाल्याकडून कळायचं.

या पोरांना तिकडे शनिवार-रविवार मोकळे मिळत, आणि त्यांना युरोप बघायचा असे. पण रेल्वेचा पास काढावा की जिथे जाऊ तिथलं तिकीट काढावं, हे त्यांना काही केल्या ठरवता येत नसे. मग त्यांच्या आया त्यांना बाईंकडे पाठवत. बाईंनी दारावर कागदच लावला होता : 'प्रवासाचा सल्ला सायंकाळी ५ ते ६. "युरोप बघायचाय" एवढंच सांगायचं असल्यास बेल वाजवू नये.' बेल वाजवणाऱ्याला पाणी मिळे, चहा मिळत नसे. चहा घेतला की माणूस मुद्द्यावर यायला वेळ लावतो, असा बाईंचा अनुभव होता.

त्यांच्याकडे अख्ख्या युरोपातल्या गाड्यांचं एक जाडजूड वेळापत्रक होतं. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून आणलेलं, आणि तेही चार वर्षांपूर्वीचं. मी एकदा शंका काढली, तर म्हणाल्या, "गाड्या बदलतात गं वर्धा, डोंगर बदलत नाहीत." कुठल्या गाडीत कुठल्या बाजूची खिडकी धरायची, बोगदा संपला की लगेच कुठे बघायचं, कुठे बघण्यासारखं काही नाही म्हणून डबा उघडून घ्यायचा, हे त्या डोळे मिटून सांगत. स्वतः बाई मात्र कधी विमानात बसल्या नव्हत्या. समुद्र ओलांडून त्या घारापुरीलासुद्धा गेलेल्या नव्हत्या.

पास की तिकीट, या प्रश्नावर त्यांचं मत पक्कं होतं : तिकीट. "कुठे जायचं ते ज्याला ठाऊक नाही, त्याने पास काढावा. ठाऊक आहे त्याने तिकीट काढावं आणि गुमान जाऊन यावं." पास हातात आला की माणूस बघायचं सोडून वसूल करायला लागतो, हे त्यांचं निरीक्षण. दाखला म्हणून त्या 'कोल्हापूर'चं नाव घेत. हा मागच्या इमारतीतला एक इंजिनिअर. त्याने बाईंचा सल्ला न जुमानता पंधरा दिवसांचा पास काढला आणि पंधरा दिवसांत सात देश उरकले. परत आल्यावर मोठ्या हौसेने फोटो दाखवायला आला. जवळजवळ प्रत्येक फोटोत तो कुठल्या ना कुठल्या स्टेशनच्या पाटीखाली उभा होता, आणि प्रत्येक फोटोत झोपाळलेला. बाईंनी सगळा गठ्ठा शांतपणे पाहिला आणि परत देताना म्हणाल्या, "म्हणजे युरोपने तुला पाहिलं. तू युरोपला कधी बघणार?"

गंमत अशी, की त्यांच्या घरातच एक कट्टर पासवाले होते. अण्णांना पुण्याबाहेर जायचा मनस्वी कंटाळा. "तिथे सकाळचा चहा किती वाजता मिळतो?" हा कुठल्याही गावाबद्दलचा त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न. पण महिन्यातून एकदा ते सिटी बसचा दिवसभराचा पास काढत, आणि तो वसूल होईपर्यंत घरी पाऊल टाकत नसत. कोथरूडहून मार्केट यार्ड, मार्केट यार्डहून स्टेशन, स्टेशनहून येरवडा. संध्याकाळी मी विचारायची, "अण्णा, येरवड्याला काय केलंत?" "काही नाही. त्याच बसने परत आलो. येरवड्याला कुणी आपणहून उतरतं का?"

अण्णांची दुसरी ख्याती म्हणजे त्यांचं शाईचं पेन. नोकरीत असताना घेतलेलं, पक्क्या काळ्या शाईचं. दुसऱ्याच्या हाताने निब बिघडते म्हणून ते पेन ते कुणालाही देत नसत, सख्ख्या मुलालासुद्धा त्यांनी ते परीक्षेला दिलं नव्हतं. एकदा कुरिअरवाल्याने पावती लिहायला पेन मागितलं, तर अण्णांनी त्याची पावती स्वतः लिहून दिली, पण पेन हातचं सोडलं नाही.

बाईंचं सगळं लिखाण पेन्सिलीने चाले. सल्ला घ्यायला आलेल्या प्रत्येकाला त्या शेवटी बजावत, "बेत पेन्सिलीने लिही. घरच्यांना शाई दिसत नाही." पोरं मान डोलावून जात. मलाही त्या वाक्याचा उत्तरार्ध बरीच वर्षं कळला नव्हता. एका दिवाळीत कपाट आवरताना तो कळला. वरच्या फळीवर एक लांबट वही सापडली. त्यात बाईंनी स्वतःसाठी आखलेले प्रवास होते. कन्याकुमारीचा फेरा, दार्जिलिंग, जैसलमेर. प्रत्येक गाडी, प्रत्येक मुक्काम, कुठल्या बाजूची खिडकी तेसुद्धा. आणि प्रत्येक पान खोडरबराने पुसलेलं. अक्षरांचे नुसते वळ उरले होते, आणि समासात बाईंनी कारण नोंदवलं होतं : 'सासूबाईंचा मोतीबिंदू.' 'वन्संचं लग्न.' 'मंदारची दहावी.' 'मंदारची बारावी.' शेवटचं पान तेवढं पुसलेलं नव्हतं. त्यावर ऱ्हाईन नदी होती, आणि समासात एक प्रश्नचिन्ह.

"बाई, यातलं एकही झालं नाही?" मी विचारलं.

"कागदावर झालं की. सामान उचलावं लागलं नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली वही घेतली आणि जागेवर ठेवली. मला इतका राग आला, की मी ती फळी दोनदा पुसली. राग कुणाचा आला ते सांगता येत नव्हतं. वन्संना तर मी कधी पाहिलंही नव्हतं.

मंदारचा दर रविवारी फोन यायचा, आणि "आई, एकदा ये ना इकडे" हे त्यातलं ठरलेलं वाक्य. ते वाक्य ऐकून बाई "बघू" म्हणत आणि मंदार पुढचं बोलायला लागे. मग त्याच्या बायकोला, रेवतीला, दिवस गेले आणि आमंत्रणात एकदम जोर आला. "आता तर यायलाच हवं, आई. तीन महिने तरी."

"येते," बाई म्हणाल्या. "पण मी ऱ्हाईन बघायला येते, लंगोट बघायला नाही. लंगोट मधल्या वेळात बघीन."

"अगं, नेईन ना मी तुला. एखाद्या शनिवारी तिकीट काढू."

बाईंनी फोन ठेवला. स्वतःशीच म्हणाल्या, "एखाद्या शनिवारी." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अर्ध्या दिवसाची रजा काढायला लावली आणि डेक्कनवरच्या एका ट्रॅव्हल एजंटकडे नेलं. तिथे जाऊन त्यांनी मागितला तो पास. दोन महिन्यांत कुठलेही दहा दिवस, कुठलीही गाडी. मी चाटच पडले. एजंटही चक्रावला, पण वेगळ्या कारणाने.

"अहो काकू, मुलगा तिकडेच आहे ना? तो काढून देईल तिकिटं. पास कशाला?"

"देईल ना. पण आधी विचारेल. कुठे, कशाला, कुणाबरोबर, आणि आज नाही गेलं तर चालणार नाही का. इतकी वर्षं मी असल्याच तिकिटांवर आहे." बाईंनी पर्समधून पासपोर्ट काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. "पास असला की कुणाला सांगावं लागत नाही. द्या."

परत येताना मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं, ठाऊक असेल त्याने तिकीट काढावं हे. बाई जराही गडबडल्या नाहीत. "ते सड्याफटिंगांसाठी. संसारी माणसाने पास काढावा," म्हणाल्या आणि बसमध्ये शिरल्या.

त्या पासावर दहा रिकामे चौकोन होते. ज्या दिवशी प्रवास करायचा त्या दिवशी, गाडीत बसण्याआधी, एका चौकोनात पेनाने तारीख लिहायची. खाडाखोड केली तर पास बाद. असा साधा नियम पासावरच छापलेला होता. पंधरा दिवसांनी मी ऑफिसातून आले तर जेवणाच्या टेबलावर पास उघडा पडलेला, आणि त्याचे दहाच्या दहा चौकोन भरलेले. बाईंच्या रेखीव अक्षरात, काळ्याभोर शाईत, एकाखाली एक दहा तारखा. डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेनंतर तीन आठवडे सोडून पहिली, आणि मग पुढच्या नऊ.

"बाई! अहो, हे काय केलंत? त्या त्या दिवशी लिहायची असते तारीख!"

"असं होय?"

"कुठल्याही दहा दिवसांचा पास होता, आता या दहाच दिवसांचा झाला! यातली एक जरी बदलली तरी पास बाद."

"अगं बाई," बाई म्हणाल्या. "हजेरीपट भरून ठेवायची सवय गं शाळेतली. आता काय करणार? शाई तर वाळली."

अण्णा वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते. त्यांनी ते खाली केलं नाही. मला खरं तर काळजी वाटायला हवी होती, पण खोटं कशाला बोलू, आनंद झाला. पाच वर्षांत बाईंची एकही चूक मला सापडली नव्हती, आणि सापडली ती अशी ढळढळीत. "पास काढला आणि त्याची दहा तिकिटं करून ठेवली!" असं मी परभणीला रंगवून रंगवून सांगितलं. आम्ही दोघी तोंडावर उशी दाबून हसलो.

योगायोग असा, की त्याच सुमारास माझ्या कंपनीने मलाही सहा महिन्यांसाठी फ्रँकफर्टला धाडलं. बाई माझ्यानंतर महिन्याभराने आल्या, एकट्याच; अण्णा काही पुण्याबाहेर निघाले नाहीत. विमानात त्यांनी शेजारच्या माणसाला खिडकी सोडायला लावली होती, कारण तो काळ्या समुद्रावर झोपला होता. बाई आल्या, आणि मग सगळेच बाळाची वाट बघत बसले. बाळाने वेळापत्रक पाळलं नाही. तारीख उलटून दहा दिवस झाले तेव्हा मंदारला मुलगी झाली. बाईंनी तिला हातात घेतलं, नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाल्या, "उशिरा येणाऱ्यांना मी वर्गात घेत नसे. तुला घेते."

पुढचे दिवस त्या घरात बाईच सगळं बघत होत्या. बाळंतिणीचं खाणंपिणं, बाळाची आंघोळ, शेक, धुरी. धुरीने आगीची घंटा वाजून अग्निशमन दल येतं, हे कळेपर्यंत धुरी. पण बाळ दहा दिवस उशिरा आल्यामुळे हिशेब चुकला होता. बाराव्या दिवशी बारसं. बारावा दिवस शनिवार. आणि पासावरची पहिली तारीख तोच शनिवार.

शुक्रवारी संध्याकाळी मंदारचा मला फोन आला. "तू ये गं इकडे. आईला समजाव." मी गेले तेव्हा बाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. टेबलावर पास.

"आई, बारसं बाराव्या दिवशी असतं. आजीच नसेल तर कसं दिसेल?"

"पुढच्या शनिवारी करा. तिला कुठे ऑफिसला जायचंय?"

"अगं, वीस माणसं बोलावलीत मी!"

"पुढच्या शनिवारीही ती माणसंच असतील."

"त्यापेक्षा तू उद्याचं राहू दे ना. पुढच्या शनिवारी मी स्वतः तिकीट काढून देतो. हे बघ, आत्ता काढतो."

बाईंचा हात दुपट्यावर थांबला. मी त्यांना ओळखत होते. असा हात थांबला की पुढे खोडरबर येतं. त्यांनी पासाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "नाही रे होत. पेनाने लिहिलंय."

मंदारने पास उचलला, उलटून पाहिला आणि माझ्या हातात दिला. मला मध्यस्थीला बोलावलं होतं, पण मी छापलेला नियम जसाच्या तसा मोठ्याने वाचला. खाडाखोड केल्यास पास बाद. पुण्याचा माणूस आईशी तास तास वाद घालेल, पण छापील नियमापुढे त्याचं काही चालत नाही. आतल्या खोलीतून रेवतीचा आवाज आला, "अरे, जाऊ दे ना त्यांना! पुढच्या शनिवारी मलाही नीट बसता येईल." मंदार एकेका माणसाला फोन लावायला लागला. त्या घरात बाईंच्या बेतासाठी घरचं कार्य पुढे गेल्याची ती पहिलीच वेळ.

"आणि उद्या सकाळी तिला आंघोळ तू घाल," बाई त्याला म्हणाल्या. "पाणी कोपराने बघ. तुझ्या वडिलांनी तुला एकदाही घातली नाही. त्यांचं काय अडलं होतं, ते त्यांनाच ठाऊक."

शनिवारी सकाळी मी तिकीट काढून बाईंबरोबर गेले. जांभळी सहावारी, वर मंदारचा स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट आणि पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या. माइन्झ स्टेशन सुटलं तशी बाईंनी मला उठवून उजवीकडच्या खिडकीशी नेलं. तिकीट तपासनीस आला. बाईंच्या पासावरच्या दहा तारखा त्याने वाचल्या, चष्मा वर करून पुन्हा वाचल्या, आणि बाईंकडे पाहिलं. "आय अ‍ॅम अ टीचर," बाईंनी खुलासा केला. त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्याने मुकाट्याने शिक्का मारला.

आणि मग नदी आली. अगदी रुळाला लागून, चांगली रुंद, अंगावर मालाचे लांबलचक पडाव घेऊन. पुऱ्यांचा डबा उघडायचाही बाईंनी राहू दिला.

"वर्धा, आपण कुठल्या दिशेला चाललोय?"

"उत्तरेला."

"आणि पाणी?"

"तिकडेच."

"बघ. वरच वाहते. मुली नकाशात बाण खाली काढायच्या. नदी वरून खालीच येणार असं वाटायचं त्यांना. तीस वर्षं मी अर्धा अर्धा मार्क कापला. न बघता. कधी कधी वाटायचं, आपण उगाच तर कापत नाही ना? पण बरोबर होतं गं माझं."

मला रडू आलं. बाईंना आलं नाही. त्या बघत होत्या. कोब्लेन्झ जवळ आलं तेव्हा खिडकीवरची नजर न काढता म्हणाल्या, "काल पेन्सिल असती ना, तर मी पुसलं असतं. मंदारचं तोंड बघूनच पुसलं असतं." मी म्हटलं, बरं झालं चूक झाली ती. त्या नुसत्या हसल्या आणि मला पुरी दिली.

बाईंनी दहाच्या दहा तारखा पाळल्या. अकराव्या दिवशी कुठे जाऊ या असं मंदारनेच विचारलं, तर म्हणाल्या, "आता पुरे. आता नात बघते." पुण्याला परतल्यावर त्यांचा पाच ते सहाचा सल्ला पुन्हा सुरू झाला. फक्त आता लग्न झालेल्या मुली आल्या की त्यांना त्या पास काढायला सांगत आणि पोरांना तिकीट. कारण विचारलं तर उत्तर मिळत नसे.

बाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. फार दुखणं काढलं नाही. मी तोवर लग्न होऊन बाणेरला गेले होते. तेराव्यानंतर अण्णांनी मला बोलावून घेतलं. ते मला नेहमी माझ्या नावाने हाक मारत; त्या दिवशी दार उघडून म्हणाले, "ये, वर्धा." आणि ते जाडजूड वेळापत्रक माझ्या हातात ठेवलं. "हे तुला द्यायचं, असं लिहून ठेवलंय तिने."

मी ते तिथेच उघडलं. ऱ्हाईनच्या पानात तो पास होता. दहा तारखा, दहा शिक्के. आणि खाली छापलेल्या नियमाखाली, 'तारीख प्रवासाच्या दिवशीच लिहावी, खाडाखोड केल्यास पास बाद' या अर्थाच्या त्या दोन ओळींखाली, पट्टीने मारलेली बारीक रेघ. पेन्सिलीची.

"अण्णा, म्हणजे बाईंनी हा नियम आधी वाचला होता?"

"मोठ्याने वाचला होता. मला दोनदा वाचून दाखवला." अण्णा खुर्चीत बसले. "मग म्हणाली, अहो, पेन्सिलीचं मी पुसते. तुमचं पेन द्या."

"आणि तुम्ही दिलंत?"

"शाई भरून दिलं." त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि निब माझ्यासमोर धरली. "दाबून लिहायची सवय तिची. तेव्हापासून जरा वाकडी चालते. बदलली नाही मी."